कांदळाच्या मुळांत ल्यूर घालायचा कसा: खाडीत नव्याने गरवणाऱ्यांसाठी

खाडीवर पहिल्यांदा रॉड घेऊन आलेला माणूस पहिली फेक बहुतेक वेळा पात्राच्या मधोमध टाकतो. जेवढं लांब जाईल तेवढं चांगलं, असा त्याचा समज असतो. तांबोशी त्या वेळी त्याच्या डाव्या-उजव्या हाताला, आठ-दहा मीटरवर, कांदळाच्या मुळांच्या जाळीत सावलीला उभी असते. जिताडाही (गोव्यात त्याला चणक म्हणतात) तसाच आडोशाला, पडलेल्या झाडाच्या खोडाला किंवा पुलाच्या खांबाला लागून असतो. हे मासे दबा धरणारे आहेत. समोरून कोळंबी किंवा बोय गेली की झडप घालायची आणि पुन्हा आत शिरायचं, ही त्यांची रीत. ल्यूर (म्हणजे खोटं आमिष) मुळांपासून दोन हातांवर पडला तर जिताडा कधी कधी बाहेर येतो, पण तांबोशी क्वचितच येते. तिच्यासाठी तो वीतभर अंतरावर पडावा लागतो.

म्हणून या लेखात लांब फेकण्याबद्दल काहीच नाही. ल्यूर पाण्यालगत कसा न्यायचा, हव्या जागी कसा थांबवायचा, आणि मासा लागला तर त्याला कुठून बाहेर काढायचा, एवढंच सांगतो. यातली शेवटची गोष्ट फेकण्याआधी ठरवायची असते. ती पुढे परत येईल.

वेळ आणि जागा

शिकणाऱ्याने ओहोटीचे शेवटचे दोन-तीन तास धरावेत. भरतीला पाणी मुळांच्या वर चढतं, मासे रानात आत शिरतात आणि आपल्याला नुसती पानांची भिंत दिसते. पाणी ओसरू लागलं की मुळं उघडी पडतात, कुठे पोकळी आहे ते दिसतं, आणि आत गेलेली बारीक मासळी, कोळंबी वहाळांतून बाहेर पडू लागते. वहाळाच्या तोंडाशी मोठा मासा थांबतो. खारबंदिस्तीच्या उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पाणी सुटत असेल तर तिथेही तेच.

भरतीची वेळ काढायची जुनी रीत अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याला बरा जुळतो. खाडीत जसजसे आत जाल तसतशी भरती उशिरा पोचते. आपल्या जागेला किती उशीर होतो ते दोन-तीन खेपा पाहून वहीत लिहून ठेवा, मोबाईलवरच्या तक्त्यापेक्षा ते जास्त कामाला येईल.

झाडं ओळखायला शिका, कारण झाडागणिक फेक बदलते. कांदळाची मुळं कमानीसारखी खोडातून बाहेर येऊन पाण्यात उतरतात. त्या कमानींखाली खरी पोकळी असते आणि तांबोशीचं घर बहुधा तेच. तिवर आणि चिपीची श्वसनमुळं चिखलातून खुंट्यांसारखी वर येतात. त्यांच्यात पोकळी नसते, त्यामुळे तिथे ल्यूर आत घालून उपयोग नाही. खुंट्यांच्या कडेने समांतर ओढायचा. पांढरी चिपी २०२० पासून महाराष्ट्राचं राज्य कांदळवृक्ष आहे. फेकीच्या आड आली म्हणून कुठलीही फांदी तोडायची नाही. कांदळवन तोडणं गुन्हा आहे, आणि आडोसा गेला की मासाही जातो.

सामान

यावर फार वेळ घालवत नाही. रॉड सहा ते साडेसहा फुटी, टोक चपळ आणि कंबर कणखर असा. लांब रॉड होडीत आणि फांद्यांखाली आडवा येतो. रीळ २५०० किंवा ३००० मापाचं साधं स्पिनिंग. बेटकास्टिंग रीळ या कामाला फार छान चालतं, पण नव्या माणसाच्या हातात त्याचा दोरा गुंतून पहिला महिना वाया जातो. रिळावर २० ते ३० पौंडी ब्रेड (धागे विणून केलेला दोरा), पुढे ३० ते ४० पौंडी तंगुसाचा लीडर, म्हणजे ल्यूरला बांधायचा एकपदरी तुकडा. लीडर दोन फुटांच्या आतच ठेवा, म्हणजे ब्रेडची गाठ रॉडच्या टोकाच्या कडीबाहेर राहील आणि फेकताना अडकणार नाही.

मुळांवर कालवं असतात आणि त्यांच्या कडा पात्यासारख्या असतात. दर चार-पाच फेकींनी लीडरवरून बोट फिरवा. खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून गाठ नव्याने मारा. हा कंटाळा केला की नेमका मोठा मासा तुटतो.

ल्यूर सुरुवातीला एकच: तीन ते चार इंची मऊ प्लॅस्टिकचा मासा, ऑफसेट (मानेशी वाकवलेल्या) गळावर असा चढवलेला की गळाचं टोक त्याच्याच पाठीत लपलेलं राहील. वजन धरून ७ ते १० ग्रॅम. तो मुळावर पडला तरी घसरून पाण्यात उतरतो. तीन टोकांचे दोन-दोन गळ लटकणारे कडक ल्यूर दिसायला सुंदर असतात, पण हात बसेपर्यंत पेटीतच राहू द्या.

आधी बोट, मग हात

सगळं शिकणं इथे आहे, म्हणून इथे थांबतो.

स्पिनिंग रिळाची बेल, म्हणजे ती तारेची कमान, उघडली की दोरा मोकळा होतो आणि तो आपण तर्जनीच्या पेरावर धरतो. फेकताना बोट सोडलं की ल्यूर निघतो. इतकं सगळ्यांना येतं. त्यानंतर बहुतेक जण बोट हवेत तसंच ठेवून ल्यूर कुठे पडतो ते बघत बसतात. तसं करायचं नाही. सुटलेली तर्जनी लगेच स्पूलच्या, म्हणजे रिळाच्या दोरा गुंडाळलेल्या भागाच्या, कडेजवळ परत आणायची. दोरा स्पूलवरून गिरक्या घेत सुटत असतो. बोट कडेला टेकवलं की प्रत्येक गिरकी बोटाला घासते आणि ल्यूरचा वेग कमी होतो. थोडं जास्त टेकवलं की तो हवेतच थांबतो आणि खाली उतरतो.

याने तीन गोष्टी साधतात. ल्यूर हव्या अंतरावर थांबतो. पाण्यात धप्पकन न पडता झाडावरून खेकडा पडावा तसा हलका उतरतो. आणि मागचा दोरा सरळ, ताणलेला राहतो. तिसरी गोष्ट लोक विसरतात. तांबोशी पुष्कळदा ल्यूर पडताक्षणी झडप घालते. दोरा ढिला असेल तर तुम्हाला झटका कळेपर्यंत ती मुळांत दोन वळसे घेऊन बसलेली असते.

ल्यूर पडल्यावर बेल हाताने बंद करा, हँडल फिरवून नव्हे. हँडलने बंद केली की स्पूलवर एक सैल फेर राहतो आणि पुढच्या दहा फेकींत कधीतरी त्याचा गुंता होतो.

सराव अंगणात करा. गळ काढलेला ल्यूर किंवा १० ग्रॅमचं शिसं बांधा. आठ पावलांवर बालदी ठेवा. पहिले दोन दिवस बालदीत टाकायचा प्रयत्नच करू नका; तिच्या पलीकडे जाईल इतक्या जोराने फेका आणि बोटाने बालदीच्या वर थांबवा. जोर नेहमी गरजेपेक्षा थोडा जास्त, आणि अंतर बोटाने ठरवायचं. कमी जोराने अंदाजाने टाकलेली फेक वाऱ्याच्या एका झुळकेने चुकते. दहापैकी सहा बालदीत पडू लागल्या की बालदी पडवीतल्या बाकाखाली सरकवा. आता वरून टाकता येणार नाही. इथून आडव्या फेकीला सुरुवात होते.

आडवी फेक

डोक्यावरून टाकलेला ल्यूर कमान करून वरून खाली येतो आणि वाटेतल्या फांदीला लटकतो. आडव्या फेकीत रॉड कमरेच्या उंचीवर, जमिनीला जवळपास समांतर ठेवायचा. ल्यूर टोकापासून वीत-दीड वीत लोंबू द्या. मनगट मागे घ्या, रॉडला वाकू द्या, आणि त्याच लयीत पुढे या. दंडाचा जोर लावू नका. वाकलेल्या रॉडने ल्यूर फेकायचा असतो, आपल्या खांद्याने नाही.

बोट कधी सोडलं यावर दिशा ठरते. उजव्या हाताने, उजव्या बाजूने फेकत असाल तर लवकर सोडल्यास ल्यूर उजवीकडे जातो, उशिरा सोडल्यास डावीकडे. दहा फेकींत सात एकाच बाजूला जात असतील तर हात बदलू नका, फक्त सोडण्याचा क्षण बदला. फेक संपताना रॉडचं टोक जिथे ल्यूर जायला हवा तिथेच रोखलेलं असू द्या, खाली, पाण्याकडे. टोक वर गेलं की ल्यूरही वर जातो.

हीच फेक डाव्या बाजूनेही यायला हवी, म्हणजे हात छातीसमोरून नेऊन उलट्या बाजूने. होडीत पुढे एक माणूस, मागे एक माणूस असताना तुमच्या उजव्या बाजूला कुणाचं तरी डोकं असतंच. उलटी फेक न येणाऱ्याने तिथे फेकूच नये.

झुला फेक

अंतर पाच ते दहा मीटर आणि पोकळी सुपाएवढी असेल तेव्हा मला हीच सगळ्यात भरवशाची वाटते. इंग्रजीत हिला पिचिंग म्हणतात. बास मासे पकडणाऱ्या अमेरिकन लोकांनी दाट लव्हाळ्यांत ल्यूर उतरवायच्या अशा जवळच्या फेकींचं शास्त्रच केलं. कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी १९७०च्या दशकात हिची थोरली बहीण, फ्लिपिंग, लोकप्रिय केली. आपल्या कांदळांना झुला फेक जणू मापाने शिवल्यासारखी बसते.

पायऱ्या अशा. रॉडचं टोक वर धरून दोरा इतका सोडा की ल्यूर रिळाच्या उंचीला येईल. डाव्या हाताने ल्यूर धरा, गळाचं टोक बोटांपासून दूर. बेल उघडा, दोरा तर्जनीवर. आता रॉडचं टोक किंचित खाली नेऊन पुन्हा वर उचला आणि त्याच वेळी डाव्या हातातून ल्यूर सोडून द्या. फेकू नका, सोडा. तो पाळण्यासारखा झोका घेत पुढे जाईल. झोका लक्ष्याच्या दिशेने वर चढू लागला की तर्जनी मोकळी करा. ल्यूर पाण्यापासून फूट-दीड फुटावरून सरपटत जातो आणि शेवटी बोटाने थांबवला की आवाजही न करता बुडतो.

पहिल्या दिवशी तो तुमच्या पायाशी पडेल किंवा सरळ आभाळात जाईल. पायाशी पडला तर बोट उशिरा सुटलंय की लवकर, हे शोधत बसू नका. डाव्या हाताने ल्यूर ढकलला जात नाहीये ना, ते आधी बघा. नव्वद टक्के वेळा दोष तिथेच सापडतो.

टप्पा फेक

लहानपणी चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत पळवलाय ना? तेच. फांद्या पाण्याला टेकायला आलेल्या असतात, मधे फक्त वीतभर फट असते, आणि फटीमागे दोन-तीन मीटर आत सावली. तिथे कुठलीही साधी फेक पोचत नाही, म्हणून तिथल्या माशाने ल्यूर फारसे पाहिलेले नसतात.

आडव्या फेकीसारखाच हात, पण आणखी खाली, रॉडचं टोक पाण्याला जवळजवळ लागेल असं. जोर नेहमीपेक्षा जास्त. ल्यूर फांद्यांच्या दोन-तीन मीटर अलीकडे, अगदी निसटत्या कोनात पाण्यावर आपटला पाहिजे. पहिला टप्पा तुमच्या जवळ पडला तर तो उंच उडून फांदीत जातो. कोन उभा झाला तर बुडतो. चपट्या अंगाचं मऊ प्लॅस्टिक उत्तम पळतं, शेपूट हलवणारं गोल अंगाचं कमी, तीन टोकी गळवाला कडक ल्यूर मुळीच नाही. ही फेक अंगणात शिकता येत नाही. शांत पाणी लागतं, आणि सुरुवातीला समोर झाड नसलेलं. शेवटच्या टप्प्यानंतर बोट टेकवायला विसरू नका, नाहीतर दोरा ढिगाने बाहेर पडलेला असतो.

धनुष्य फेक

अरुंद वहाळात रॉड कुठल्याच बाजूला फिरवायला जागा नसते तेव्हाच हिची गरज. रॉड लक्ष्याकडे रोखा, पाठीत टोक लपवलेल्या गळाची वळणाकडची बाजू चिमटीत धरा, मागे ओढून रॉड धनुष्यासारखा वाकवा. आधी चिमूट सोडा, लगोलग तर्जनी. चार-पाच मीटर जातो, पण तीरासारखा सरळ. उघडे गळ असलेला ल्यूर अशा रीतीने कधीही धरू नका.

फेकण्याआधी वाट

आता सुरुवातीला सांगितलेली गोष्ट. पोकळी दिसली की हात आपसूक उठतो. त्याला क्षणभर थांबवा आणि बघा: मासा आत्ता इथे लागला तर तो कुठल्या बाजूने बाहेर येईल? पोकळीच्या तोंडाशी आडवी फांदी असेल, ल्यूर तिच्यावरून आत जाणार असेल, तर मासा तिच्यावरून परत येणार नाही. होडी दोन मीटर सरकवा, कोन बदला, किंवा ती जागा सोडा. मी बरीच वर्षं सुंदर फेकी टाकून मासे मुळांतच सोडून आलो, तोंडात गळ अडकलेले. ते आठवलं की अजून वाईट वाटतं. तोंडात ल्यूर आणि मागे मुळाला गुंतलेला दोरा घेऊन मासा तिथेच तडफडतो.

ड्रॅग, म्हणजे किती ओढीला रीळ दोरा सोडेल ते, घरीच बसवून या. सामान तोलायचा हुकवाला काटा दोऱ्याला लावून रॉड धरून ओढा. ३० पौंडी ब्रेडला चार-पाच किलोच्या ओढीवर रीळ सुटायला हवं. मोकळ्या पाण्यात हे जास्त आहे, मुळांत नाही.

झटका बसला की रॉड वर उचलू नका. वर उचलल्याने मासा पृष्ठभागावर येतो, तिथे फांद्या असतात. रॉड आडवा, खाली ठेवून मोकळ्या पाण्याच्या बाजूला खेचा आणि पहिले दोन मीटर हँडल थांबवू नका. होडीत मागे बसलेल्याला आधीच सांगून ठेवा, "लागला म्हटलं की वल्हं मागे मार." या दोन मीटरांतच सगळा निकाल लागतो. पुढचं सावकाश करायला भरपूर वेळ असतो.

अडकला तर

अडकणारच. वाकलेल्या रॉडने हिसके देऊ नका. सुटलेला ल्यूर थेट तोंडावर येतो. म्हणून चष्मा हवाच, पाण्यावरची चमक मारणारा असेल तर पोकळ्याही स्पष्ट दिसतात. आधी दोरा ढिला सोडून टोक हलकेच थरथरवा, टोक लपवलेला गळ बहुधा खाली घसरतो. नाही सुटला तर होडीने जवळ जा. तेही शक्य नसेल तर रॉड ल्यूरच्या सरळ रेषेत धरा, तोंड फिरवा, दोरा रॉडच्या मुठीजवळ कापडाने धरून सरळ ओढा. ब्रेड उघड्या हाताला गुंडाळू नका, मांसात जातो. तुटलेला दोरा दिसला तर काढून आणा. त्यात पाखरांचे पाय अडकतात.

खाडीच्या चिखलात एकट्याने उतरू नका. वाशिष्ठी आणि सावित्रीसारख्या नद्यांत मगरी आहेत. तिथे काठाशी पाण्यात उभं राहून गरवणं टाळा. खाडीवरून विजेच्या तारा गेलेल्या असतील तर रॉड खाली करा, कारण कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते.

गोड्या पाण्यात मरळीसाठीही हेच सगळं लागू पडतं. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत कमळाच्या पानांमधल्या भोकांत बेडकासारखा ल्यूर झुला फेकीने उतरवता येतो. तलाव बहुधा मच्छीमार सोसायटीकडे असतो, तेव्हा आधी विचारा.

आणि मासा हातात आल्यावर: जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, तिथे बोट घालू नका. तांबोशीला सुळे असतात, खालचा ओठ पकडायला जाऊ नका; पक्कड वापरा. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे जिताडे जवळजवळ सगळे मादीच. खाडीत मिळणारी तांबोशी बहुतेक कोवळी; मोठी झाली की ती बाहेर समुद्रातल्या खडपांकडे जाते. घरी न्यायचा तर मधला एखादा जिताडा न्या. मोठी मादी सोडायची असेल तर तिला पाण्याबाहेर उभी लटकवू नका. एक हात पोटाखाली, एक शेपटीजवळ, तोंड वाहत्या पाण्याकडे. कल्ले संथ लयीत उघडझाप करू लागले की शेपटीवरची पकड सैल करा. ती आपण होऊन निघून जाईल, बहुधा त्याच मुळांकडे.